सातव्या प्रकरणात अडकलेली कादंबरी, आणि टीवायचे पेपर

तू लिहिलंयस की टीवाय बीए सुरू आहे, कादंबरी सहा प्रकरणं झाली आणि सातव्यात तिसऱ्यांदा अडकलीस, आता प्लॉटिंगचा एक महागडा ऑनलाइन कोर्स करू का, आणि बाबा विचारतायत याचं पुढे होणार काय. कोर्स आत्ता नको. तुझी सहा प्रकरणांची यादी वाचली, गडबड तिथेच दिसते.

सदाशिव पेठेतली मावशीची खानावळ, एमपीएससीची पोरं, सगळं झकास आहे गं, पण पोरगा येतो, मग प्रिलिम्सचा निकाल लागतो, मग गॅस महागतो, मग गावाहून मामा येतो, यातलं एकही दुसऱ्यामुळे घडत नाहीये. मामाचं प्रकरण आधी टाकलं तरी कुणाला कळणार नाही. अ‍ॅरिस्टॉटलचीही हीच तक्रार होती, प्रसंगातून प्रसंग निघत नसेल तर ते सगळ्यात वाईट कथानक.

आता असं करून बघ. गॅस महागतो म्हणून मावशी उधारी बंद करते आणि खाडे धरणंही, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करणंही, बंद करते. म्हणून तो पोरगा एक वेळच जेवायला लागतो, मेन्सच्या तोंडावर आजारी पडतो, त्याचे रूममेट चिडून दुसरी मेस धरतात, आणि मावशीचं जागेचं भाडं थकतं. मामाला आता यायला कारण मिळालं, तो जागा सोडायला सांगायला येतो!! सातवं प्रकरण आपोआप उभं राहिलं की नाही? हीच मांडणी ठेव असं नाही, मावशी तुझी आहे, माझ्यापेक्षा तू तिला ओळखतेस.

आउटलाइन म्हणजे एवढंच, एका कार्डावर एक प्रसंग, कुणाला काय हवं होतं आणि शेवटी काय बदललं, दोन ओळीत. काहीच बदललं नाही तर कार्ड फाडायचं. शेवटचं कार्ड आधी लिही, कच्चं असलं तरी चालेल. आधी ठरवलं की मजा जाते म्हणतात त्यांचं मला फारसं पटत नाही. अगाथा ख्रिस्तीच्या 73 वह्या मिळाल्यात, त्यात खुनी कोण हेसुद्धा ती बदलत बसलेली दिसते, म्हणजे शोधण्याची मजा वहीतच उरकून घ्यायची. आणि हात बसायला तुझी आवडती एक कादंबरी घेऊन तिची उलटी कार्डं कर, प्रकरण वाचायचं, दोन ओळी लिहायच्या. कंटाळवाणं आहे पण फुकट आहे.

बाबांना सरळ सांग, नुसत्या मराठी कादंबरीच्या रॉयल्टीवर घर चालत नाही. पण हेच कसब मालिकांमध्ये विकलं जातं. टायटल्स नीट बघ, पटकथा आणि संवाद यांच्याबरोबर कथाविस्तार असं वेगळं नाव येतं. तो माणूस मुख्यतः हेच करतो, पुढे काय आणि कशामुळे. ऑडिओ सिरीजवाल्यांनाही भागवार आराखडा लागतो. तिकडे डेडलाइन मात्र जीवघेण्या असतात, आधी असिस्टंट म्हणून घुसावं लागतं, पैसेही वेळेवर येतीलच असं नाही, तेव्हा पहिली काही वर्षं हाताशी दुसरी नोकरी असू दे.

शिकायचंच असेल तर पुण्यातल्या एफटीआयआयचा, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटचा, स्क्रीन रायटिंगचा पीजी डिप्लोमा बघ, एंट्रन्स असते आणि ग्रॅज्युएशन लागतं, शाखा कुठलीही चालते. म्हणून आधी टीवायचे पेपर दे, केटी ठेवू नकोस.