नाशिकच्या जुन्या भागातल्या मुस्लिम मुलांसाठी काही करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरला राहता, शनिवार-रविवार मोकळे असतात आणि वडाळा-भद्रकालीकडच्या मुलांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग काढायचा विचार आहे. काढा की. पण त्याआधी कागद, म्हणजे जातीचा दाखला.

मी नाशिकच्याच द्वारकेजवळ नऊ वर्षं ई-सेवा केंद्र चालवलं. दहावीचा निकाल लागला की दारात झुंबड. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी हे आपल्याकडे ओबीसीच्या यादीत आहेत, पण कित्येक घरांना ते ठाऊकच नसतं. "आम्ही मुसलमान, आम्हाला कसली जात?" म्हणतात. ज्यांना ठाऊक असतं, ते १३ ऑक्टोबर १९६७ या तारखेपाशी अडतात. जातीचा त्याच्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला काढावा, तर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान'. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तेवढंही नाही. दाखला नाही म्हणून फीत सवलत नाही. मग फी पूर्ण भरा, पैसे नाहीत, 'यंदा राहू दे', आणि पोरगा मामाच्या गॅरेजवर. एकदा हातात रोजचे पैसे खुळखुळायला लागले की पुढच्या जूनमध्ये तो फिरकत नाही.

एका बागवान मुलाचा डिप्लोमाला नंबर लागला होता. घरात पुरावा शून्य. चुलतभावाकडे मात्र जातवैधता प्रमाणपत्र (जातीचा दाखला तपासून खरा ठरवल्याचा कागद) होतं, सिन्नरला. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात वैधता असली की काम बरंच सोपं होतं. अडचण एवढीच की मुलाचे वडील आणि चुलते, दोघे भाऊ, घराच्या वाटणीवरून सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मी चुलत्यांना फोन करून नियम ऐकवत बसलो. त्यांनी फोन कापला, आणि बरोबरच केलं. शेवटी मुलाची फुफी, म्हणजे आत्या, चौक मंडईत भाजी विकणारी बाई, सकाळच्या एसटीने सिन्नरला गेली. संध्याकाळी पिशवीत मेथीच्या जुडीखाली झेरॉक्स घेऊन हजर! भावाला काय बोलली ते तिने कधी सांगितलं नाही. पोराला प्रवेश मिळाला. भाऊ अजूनही बोलत नाहीत.

तुम्हाला अशी फुफी गल्लोगल्ली हुडकावी लागेल. आशाताई आणि अंगणवाडीताईंना प्रत्येक घर माहीत असतं. मुलगा कामाला लागला असेल तर त्याच्या उस्तादाकडे, म्हणजे काम शिकवणाऱ्याकडे, जाऊन बसा. उस्तादाने चार वाजता सोडलं तरच तो तुमच्या वर्गाला येईल, बापाने सांगून नाही. मुलींच्या बाबतीत आईला दोनच गोष्टी हव्या असतात: तिथे बाई कोण असणार आणि पोरगी परत किती वाजता येणार. दोन्हींचं उत्तर तयार ठेवूनच जा.

एका बड्या संस्थेने इकडे हॉल घेऊन व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर भरवलं होतं. टोप्या वाटल्या, फोटो काढले. नंतर एक पोरगा मला विचारत होता, "चाचा, वो लोग फिर कब आएंगे?" आले नाहीत.

ओळख जुनी झाली की रात्री-अपरात्री फोन येतील. म्हणून थोडं पाठ असू द्या. लहान मुलांसाठी हेल्पलाइन १०९८. पोलिसांनी अठराच्या आतल्या मुलाला नेलं तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मुलांना आणि बायकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता.

आणि जूनमध्ये सुरुवात करू नका, तेव्हा सगळेच धावत असतात. दिवाळीनंतर नववी-दहावीची पोरं धरा, तेव्हा आजोबांची ट्रंक उघडायला घरात सवड असते. मूळ कागद स्वतःजवळ ठेवू नका, झेरॉक्स काढून त्याच दिवशी परत करा. माझ्याकडून एकदा एक जुना दाखला गहाळ झाला. दोन दिवसांनी स्कॅनरच्या झाकणाला चिकटलेला सापडला. ते दोन दिवस मी त्या गल्लीत पाऊल ठेवलं नाही.