अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा जुना कुठला सीझन तुम्हाला सगळ्यात भारी वाटतो? आणि त्या वर्षी चॅम्पियन कोण झालं होतं?

माझं उत्तर ठरलेलं आहे, 1951 चा युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोचा सीझन. नऊ मॅच खेळले, नऊच्या नऊ जिंकले आणि सीझन संपल्यावर थोड्याच दिवसांत कॉलेजने टीमच बंद करून टाकली.

तुम्हाला या खेळातलं फारसं कळत नसलं तरी काही बिघडत नाही, इथे नियम फार लागणारच नाहीत. एवढंच लक्षात ठेवा की तेव्हा प्लेऑफ वगैरे भानगड नव्हती. सीझन संपला की 1 जानेवारीच्या आसपास बाउल नावाच्या मोठ्या मॅच व्हायच्या, ऑरेंज बाउल मायामीत, शुगर बाउल न्यू ऑर्लिन्सला, आणि तिथे कोणाला बोलवायचं ते आयोजकांच्या मर्जीवर. बोलावणं आलं तर कॉलेजचं नाव आणि मुख्य म्हणजे पैसा. आता यातले बरेचसे बाउल दक्षिणेत, आणि 1951 ची दक्षिण म्हणजे गोऱ्यांचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा, बसमध्ये बसायचं ते पण वेगळं.

यूएसएफ म्हणजे हीच युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को, जेझुइट फादर लोकांचं छोटंसं कॉलेज, टीमचं नाव डॉन्स, मॅच व्हायच्या गोल्डन गेट पार्कच्या कोपऱ्यावरच्या केझार स्टेडियममध्ये. (मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातच राहतो, जुनं केझार 1989 ला पाडलं, आता तिथे लहान स्टेडियम आहे, लोक संध्याकाळी ट्रॅकवर पळायला येतात आणि त्यातल्या निम्म्यांना तरी हा इतिहास माहीत नसणार.) कोच जो कुहॅरिक, अत्यंत कडक माणूस, भर उन्हाळ्यात पोरांना कॉर्निंग नावाच्या गावी कॅम्पला नेऊन अक्षरशः पिळून काढायचा. आणि पोरं तरी कसली! जिनो मार्केटी दुसऱ्या महायुद्धात मशीनगन चालवून आलेला, बॉब सेंट क्लेअर सहा फूट नऊ इंच उंच आणि म्हणे कच्चं मांस खायचा. शिवाय ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर, टीममधले दोन कृष्णवर्णीय खेळाडू, दोघं आधी सिटी कॉलेजमध्ये पण एकत्रच खेळलेले. टीमच्या बातम्या पेपरवाल्यांपर्यंत पोचवायचं काम करणारा तरुण होता पीट रोझेल, त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

मॅटसन काय चीज होता ते बघायचं तर न्यूयॉर्कमधली फोर्डहॅमविरुद्धची मॅच घ्या. किकऑफ म्हणजे समोरची टीम लाथ मारून बॉल लांब पाठवते, तो पकडायचा आणि अकरा जण अंगावर येत असताना जेवढं पळता येईल तेवढं पळायचं, बहुतेक वेळा वीस-पंचवीस यार्डांत माणूस आडवा होतो. मॅटसनने एकाच मॅचमध्ये दोन वेळा असा बॉल घेऊन जवळजवळ अख्खं मैदान पार केलं आणि टचडाउन केला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या टोकाला नेऊन पॉइंट मिळवले! मॅच 32-26 अशी निसटती जिंकली, म्हणजे तो नसता तर नऊपैकी नऊ झालंच नसतं. सीझनभरात बॉल घेऊन त्याने 1,566 यार्ड पळून काढले, त्या वर्षी देशात सगळ्यात जास्त.

पुढे कॉलेज ऑफ पॅसिफिकला 47-14 ने धुतलं आणि शेवटी लोयोलाला 20-2. आता बोलावणं येणार असं सगळ्यांना वाटत होतं. ते आलं, पण अटीवर. खेळाडू नंतर सांगत आले ते असं की ऑरेंज बाउलकडून निरोप होता, या, पण मॅटसन आणि टोलरला घरी ठेवून या. पोरांनी सरळ सांगितलं की जाऊ तर सगळे जाऊ, नाहीतर कोणीच नाही. यावर फार काथ्याकूट पण झाला नाही म्हणतात, आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. विशी-बाविशीतली पोरं, आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच समोर, आणि दोघांसाठी बाकी सगळ्यांनी सोडून दिली. बाहेर कारण काय दिलं गेलं, तर म्हणे यांचे विरोधी संघ तगडे नव्हते! तेवढ्यात थोडं तथ्य होतं, नेव्ही-मरीनच्या तळांच्या टीमशी पण ते खेळले होते, पण म्हणून तीच खरी अडचण होती हे काही माझ्या पचनी पडत नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमात जॉनी ब्राइट नावाच्या ब्लॅक खेळाडूचा भर मॅचमध्ये मुद्दाम ठोसा मारून जबडा फोडला होता, त्या फोटोंना पत्रकारितेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं, वातावरण हे असं होतं.

एक मात्र सांगतो, नेटवर बऱ्याच ठिकाणी गोष्ट अशी रंगवतात की पोरांनी नकार दिला म्हणून टीम बंद पडली. एवढं सरळ नाही ते. फुटबॉलचा खर्च कॉलेजला आधीपासूनच झेपत नव्हता, बाउलच्या पैशाने कदाचित एखाददोन वर्षं ढकलता आली असती, पण गळती जुनीच होती.

पुढे काय झालं ते तर अजून भारी. मार्केटी, मॅटसन आणि सेंट क्लेअर हे तिघं प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये (व्यावसायिक फुटबॉलमधला मोठा मान) गेले, एका छोट्या कॉलेजच्या एकाच टीममधून तिघं. रोझेल 1960 मध्ये अख्ख्या एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, कमिशनर (प्रमुख) झाला, आणि त्याच्या आदल्याच वर्षी, रॅम्स या एनएफएल टीमचा मॅनेजर असताना, त्याने मॅटसनला घेण्यासाठी नऊ जण देऊन टाकले होते! मॅटसन 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये 400 मीटरला कांस्य आणि रिलेत रौप्य घेऊन आला, म्हणजे आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य आणलं तेच ऑलिम्पिक. टोलरचा गुडघा 1952 मध्येच गेला, खेळणं संपलं, पण गडी थांबला नाही, शाळेत मास्तर झाला, मग प्रिन्सिपॉल झाला, आणि 1965 ला एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय ऑफिशियल, म्हणजे पंच. 1980 च्या सुपर बाउलला, म्हणजे एनएफएलच्या फायनलला, मैदानावर पंचांमध्ये टोलर होता. कॉलेजने 2017 मध्ये एका हॉस्टेलला त्याचं नाव दिलंय.

आता तुमचा दुसरा प्रश्न, चॅम्पियन कोण. कागदोपत्री टेनेसी. यूएसएफ एपी या वृत्तसंस्थेच्या शेवटच्या रँकिंगमध्ये चौदावी. आणि गंमत म्हणजे ते रँकिंग बाउलच्या आधीच जाहीर व्हायचं, त्यामुळे टेनेसी शुगर बाउलमध्ये मेरीलँडकडून 28-13 ने आपटली तरी चॅम्पियन टेनेसीच राहिली. त्या मॅचला दोन्हीकडे मिळून एकही ब्लॅक खेळाडू नव्हता.