वाचकांचे प्रश्न: विणकरांकडे ठेवलेला पैसा, आणि महारठी म्हणजे कोण

प्रश्न (बोरिवलीहून): परवा मुलांना घेऊन कान्हेरीला गेलो होतो. तिथे एकजण सांगत होते की इथल्या शिलालेखांत 'अक्षयनीवी' येते, ती म्हणजे त्या काळची एफडी, आणि पैसे 'श्रेणी'कडे ठेवायचे. मग श्रेणी ही बँक होती का?

उत्तर: बँक नाही हो. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या कारागिरांचा संघ, विणकरांचा वेगळा, कुंभारांचा वेगळा, तेल गाळणाऱ्यांचा वेगळा. पण लोक त्यांच्याकडे पैसे ठेवायचे हे मात्र अगदी खरं, आणि नुसते शेठ-सावकार नाही तर राजघराण्यातली माणसंसुद्धा. नाशिकच्या पांडवलेण्यांत १० नंबरच्या लेण्यातला लेख बघा, क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याचा. त्यानं ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले, एकीकडे २००० महिना एक टक्का व्याजानं आणि दुसरीकडे १००० महिना पाऊण टक्क्यानं. आता २००० चं वर्षाचं व्याज काढा, २४० येतं. आणि लेखात काय लिहिलंय, तर पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण, म्हणजे बरोब्बर २४०! दगडावरचा हिशोब इतक्या वर्षांनी जुळतो हे बघून मला खरंच भरून येतं.

एफडीशी फरक कुठे, तर मुद्दल परत घ्यायचंच नाही, फक्त व्याज वापरायचं असं लेखात स्पष्ट लिहिलंय, अक्षयनीवी म्हणजे हीच, कधी न संपणारी ठेव. आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे गावातल्या व्यापाऱ्या-नागरिकांच्या सभेत, ऐकवून रीतसर नोंदवलेलं आहे. मला सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं, की राजाच्या जावयाला कायमचा पैसा ठेवायचा होता तेव्हा त्यानं तो मागावर बसणाऱ्या माणसांकडे ठेवला. राज्यं बदलली, नहपानाला सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं हरवलं, पण ही रीत चालूच राहिली, पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातही आजारी भिक्खूंच्या औषधासाठी अशाच श्रेणींकडे पैसे ठेवलेत.

प्रश्न (परळहून): अमात्य, महारठी, महाभोज हे सगळे राजाचे अधिकारीच ना?

उत्तर: अमात्य हो, तो राजानं नेमलेला एखाद्या भागाचा कारभारी, बाकीचे दोन तसे नाहीत. गौतमीपुत्राच्या नाशिकच्या लेखांत त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षी गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित आहे आणि २४ व्या वर्षी श्यामक, म्हणजे मधल्या काळात माणूस बदलला, राजाचा हुकूम मात्र त्याच पदावरच्या माणसाला येतो. भिक्खूंना दिलेल्या शेतात सरकारी माणसानं शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही असल्या बारीक सवलतीही त्याच्याचकडे कळवलेल्या असतात. महारठी आणि महाभोज ही मात्र आपापल्या भागातली मोठी घराणी, आपसांत सोयरीक असलेली. बेडशाच्या लेण्यात सामडिनिका नावाची बाई स्वतःची ओळख महाभोजाची मुलगी आणि महारठिनी अशी देते. कार्ल्याचा सिंहस्तंभ एका महारठीनंच दिलाय, आणि काही महारठींनी तर स्वतःच्या नावानं नाणीसुद्धा पाडली, जे अमात्याला कधी जमलं नसतं.

प्रश्न (वसईहून): सोपाऱ्याच्या अशोकाच्या लेखात 'धम्ममहामात्र' आहेत का?

उत्तर: नाहीत. अशोकानं खडकांवर कोरवलेल्या लेखांना अभ्यासकांनी क्रमांक दिलेत, त्यांतले सोपाऱ्याला मिळालेले तुकडे आठव्या आणि नवव्या लेखाचे आहेत, आठव्याचा तुकडा १८८२ मध्ये पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. धम्ममहामात्र, म्हणजे धम्माचं काम बघणारे अशोकाचे अधिकारी, येतात पाचव्या लेखात, तो इतर ठिकाणी आहे. अभिषेकाला १३ वर्षं झाल्यावर आपण ही नवी नेमणूक केली असं अशोक त्यात सांगतो. सगळ्या पंथांची काळजी घेणं हे त्यांचं काम होतंच, पण त्यासोबत तुरुंगातल्या माणसांना मदत करणं, आणि कैदी म्हातारा असेल किंवा पदरी पोरंबाळं असतील तर त्याच्या सुटकेचं बघणं हेही त्यांच्याकडेच होतं.