बूट विकू नकोस

मेडिकलच्या फर्स्ट इयरला आलास म्हणून फुटबॉल सोडायची काही गरज नाही. डॉ. तालिमेरेन आओंचं उदाहरण बघ. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाचे कर्णधार होते, तेव्हा ते कोलकात्यात मेडिकलचे विद्यार्थी होते. १९५० मध्ये एमबीबीएस झाले आणि पुढे नागालँडमध्ये अनेक वर्षं डॉक्टरकी केली. (ते कोलकात्याच्या मोहन बागान क्लबकडून खेळायचे, आपण इंटर-कॉलेजवाले, हा फरक आहेच.)

सध्या एवढंच सांभाळ:

- अ‍ॅनाटॉमीचं डिसेक्शन (शवविच्छेदन) बुडवू नकोस. पुस्तक रात्री वाचता येतं, टेबलावरचं पुन्हा बघायला मिळत नाही.
- टीम एकच, कॉलेजची. मी गावाकडच्या स्पर्धाही खेळत सुटलो आणि फिजिओलॉजीत गचकलो.
- घोटा मुरगळला की थांब. पट्टी बांधून उतरायचा मोह सगळ्यांना होतो. महिनाभर लंगडत लेक्चरला जावं लागतं.
- मॅचसाठी सुट्टी हवी तर आधी लेखी परवानगी घे. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत.

इंटर्नशिप, पीजी, स्पोर्ट्स मेडिसिन यांचा विचार आत्ता नको. आधी पहिली इंटर्नल परीक्षा दे, मग बोलू.