गावासाठी इमारत करताना

तू गावासाठी करत असलेल्या समाजमंदिराचं थ्रीडी मॉडेल पहिल्याच आठवड्यात तयार झालं, हे कळलं आणि खरंच काळजी वाटली. थोडं थांब. टीमला घेऊन आधी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात फिरून ये.

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात तिथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुगून फाटल्या आणि वरचं माळवद, म्हणजे मातीचं जड सपाट छप्पर, झोपलेल्या माणसांवर आलं. म्हणून दगड वापरायचा तर भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड आणि लिंटल पातळीला, म्हणजे दारं-खिडक्यांच्या लगेच वर, सलग आरसीसी पट्टा हवाच. यात तडजोड नको. पण पुनर्वसनाची गावंही नीट बघ. अनेक ठिकाणी सरळ रुंद रस्ते आणि चौकोनी प्लॉट आले, भिंती मजबूत झाल्या, आणि ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या छपराखालच्या बैठकीत, बसणारा शेजार पांगला. लोकांनी मग स्वतःच पुढे ओटे बांधले, पत्रे टाकले. ती वाढीव बांधकामं मोजून घे. मला तरी ती कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा जास्त सांगतात.

बायकांशी वेगळं बोला, तेही टीममधल्या मुलींनी. ग्रामसभेत त्या फारशा बोलणार नाहीत. सप्त्याची पंगत कुठे बसते, उन्हाळ्यात दुपारी सावली कुठे असते, हे त्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारा. गवंड्याला तर पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

मग जागेवर फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) पूर्ण मापाचा आराखडा आखा आणि लोकांना त्यातून चालू द्या. कागदावरचा प्लॅन सगळ्यांना वाचता येत नाही. दार कुठे हवं ते मात्र उभं राहून कुणीही सांगतं.