बाय, आधी दोन रात्री घांगरियात झोप

बाय,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला आणि मला इतका आनंद झाला की काकूला उठवून सांगितलं. भाट्याच्या वाळूवर धावायला शिकलेली आपली पोर उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला धावायला चाललीय! जा, नक्की जा. पण तू जो प्लॅन लिहिलायस ना, पहाटे गोविंदघाटहून निघायचं, घांगरियाला, म्हणजे व्हॅलीच्या अलीकडच्या मुक्कामाच्या गावी, बॅग टाकायची, लगेच व्हॅली, दुसऱ्या दिवशी वरचा हेमकुंडचा गुरुद्वारा करून संध्याकाळी खाली, तो बदल. तुझ्या पायांची मला काळजी नाही, ते तयार आहेत. काळजी हवेची आहे.

हे बघ, आपण समुद्राच्या कडेची माणसं, आपली फुफ्फुसं भरपूर हवेला सोकावलेली. जोशीमठ १,९०० मीटरच्या आसपास, गोविंदघाट त्याहून थोडं खालीच, आणि घांगरिया एकदम ३,०५० च्या घरात. म्हणजे एका दिवसात बाराशे मीटर वर जाऊन तिथेच झोपायचं. डोंगरातले जाणते लोक सांगतात की तीन हजाराच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि आपण तर तिथपर्यंतच एका उडीत जातो. हेमकुंड ४,३०० च्या आसपास आहे, तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या साठ टक्के उरतो. भाट्याचा तुझा पेस तिथे लागणारच नाही, घड्याळ बघून चिडू नकोस.

मी हे ऐकीव सांगत नाहीये. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी हेमकुंडच्या वाटेवर धावत सुटलो, अर्ध्यात डोकं ठणकायला लागलं, मळमळ, तरी थांबलो नाही कारण वर पोचायचंच होतं. पोचलो. उतरताना सरळ वाटेवर पाऊल तिरकं पडायला लागलं आणि मला ते कळतही नव्हतं, सोबतच्या मित्राला कळलं, त्याने दंडाला धरून खाली आणलं. तोल जाणं हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण असतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी एकटा असतो तर काय झालं असतं याचा विचार अजून कधीकधी रात्री येतो. म्हणून सांगतो, डोकं दुखलं की वर जायचं नाही, तिथेच थांबायचं, आणि तोल गेला किंवा बसल्याजागी धाप लागली की तडक खाली, रात्र असली तरी, सोबत कुणाला तरी घेऊन. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही ते निघायच्या आधी डॉक्टरला विचार, बसमध्ये कुणी दिली म्हणून घेऊ नको.

तर घांगरियाला पहिला दिवस नुसतं फिर, दुसऱ्या दिवशी व्हॅलीत चालत जा, रात्री परत घांगरियात झोप, तिसऱ्या दिवशी मग पळ. हेमकुंड सगळ्यात शेवटी. घांगरियापासून साधारण सहा किलोमीटरात बाराशे मीटर चढ आहे, आपला रत्नागिरीचा सडा, ते कातळाचं पठार, समुद्रापासून शंभर मीटरच्या आसपास, म्हणजे खाडीपासून सड्यापर्यंतची पाखाडी, ती पायऱ्यांची वाट, एका दमात बारा वेळा चढायची असं समज. त्या वाटेवर खेचरं असतात, ती आली की डोंगराच्या बाजूला सरक, दरीच्या बाजूला कधीच नाही. वर गुरुद्वाऱ्यात गरम खिचडी आणि चहा मिळतो, तो घेतल्याशिवाय उतरू नकोस.

सराव चढाचा कमी आणि उताराचा जास्त कर. आपल्याकडे सगळे चढण्याचीच फुशारकी मारतात पण मांड्या भरून येतात त्या उतरताना. जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरतं तेव्हा छोटी छोटी पावलं टाकत उतरायला शीक, तिकडचे ओले दगड असेच असतात. आणि कॉटनचा टीशर्ट नेऊ नको. आपल्याकडे पावसात भिजलं तरी काही होत नाही, घरी येऊन अंग पुसलं की झालं, तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस थंडगार असतो, वारा सुटला आणि तू थांबलीस की दहा मिनिटांत बोटं आखडतात. पातळ रेनजॅकेट आणि एक कोरडा थर प्लास्टिकच्या पिशवीत, हे बॅगेत असलंच पाहिजे.

आता व्हॅलीतलं. ते १९८२ पासून नॅशनल पार्क आहे, आत मुक्काम करता येत नाही, दिवसाउजेडी बाहेर यायचं, चौकीवर नोंद करूनच आत. तू तिथे ठरावीक वेळेला मागे फिर, कितीही पुढचं बघावंसं वाटलं तरी. आत एक थडगं दिसेल, जोन लेग नावाच्या बाईंचं, झाडाफुलांचा अभ्यास करायला आल्या होत्या, १९३९ साली फुलं गोळा करताना उतारावरून घसरून गेल्या. तिथे दोन मिनिटं थांब.

आणि वाट सोडू नकोस, कुणी खोळंबून उभं असलं तरी बाजूने गवतातून ओव्हरटेक नाही. तिकडे वर्षातले बरेच महिने बर्फ असतं, झाडाला वाढायला जेमतेम काही महिने मिळतात, त्यात आपला एक बूट पडला की ते परत यायला किती वर्षं जातील. श्रावणात सड्यावर सीतेची आसवं फुलतात तेव्हा मी तुला कातळाच्या उघड्या पट्ट्यावरूनच धावायला लावायचो, आठवतंय? तुला तेव्हा राग यायचा. व्हॅलीत गुलाबी फुलांचे ताटवेच्या ताटवे दिसतील, जवळ जाऊन नीट बघ, तो आपल्या तेरड्याचाच भाऊबंद आहे. आई गौरीला ज्याची जुडी बांधते तो तेरडा. मला तर तिथे उभ्या उभ्या घर आठवलं होतं.

तिकीट मंगला एक्स्प्रेसचं काढ, रत्नागिरीहून थेट दिल्लीचं निजामुद्दीन. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला भाट्याच्या पुलापाशी ये, जे बूट तिकडे नेणारेस तेच घालून, पाऊस असला तरी. आपण उताराचाच सराव करू.

तुझा काका