कॉपीचा वेग ११ एमबीवर अडलाय? स्विच घ्यायच्या आधी आयपर्फ३ चालवा

तुमची अडचण अशी: डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्ही गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिटच्या) स्विचला, म्हणजे मशीनं एकमेकांना जोडणाऱ्या डबीला, केबलने जोडलेत, तरी फाइल कॉपी सेकंदाला ११ एमबीच्या पुढे सरकत नाही. दोष नेटवर्कचा की डिस्कचा, आणि नवा स्विच घ्यावा का?

स्विच सध्या राहू द्या. तो ११चा आकडाच चुगली करतोय. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटला ८ने भागलं की १२.५ एमबी; त्यातून हेडरचा (डेटासोबत जाणाऱ्या पत्त्याबित्त्याचा) वगैरे खर्च गेला की हातात ११-११.५ उरतात. म्हणजे मधला एखादा दुवा गिगाबिटऐवजी १००वर जुळलाय, असा माझा दाट संशय आहे. पण उगाच केबली उपटत बसण्यापेक्षा मोजून बघा.

फाइल कॉपी करून नुसतं नेटवर्क मोजता येत नाही. दोन्हीकडच्या डिस्क, अँटिव्हायरस, शेअरिंगचा प्रोटोकॉल, सगळेच त्यात लुडबुडतात. आयपर्फ३ हा नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम आहे; ते मेमरीतलाच डेटा नेटवर्कवर ढकलतं, डिस्कला हात लावत नाही. अमेरिकेतल्या संशोधन प्रयोगशाळांना जोडणाऱ्या ईएसनेट नेटवर्कची मंडळी ते सांभाळतात, आणि ते फुकट आहे.

डेस्कटॉपवर टर्मिनलमध्ये (आज्ञा आणि आकडे इंग्रजीत, छोट्या लिपीत टाइप करा):
आयपर्फ३ -एस

आता तो ५२०१ पोर्टवर वाट बघत बसेल. फायरवॉलमध्ये हा पोर्ट उघडा, नाहीतर लॅपटॉप जोडलाच जाणार नाही. मग लॅपटॉपवर, डेस्कटॉपचा आयपी देऊन:
आयपर्फ३ -सी १९२.१६८.१.२०

दोन्हीकडे आयपर्फ३च हवं. जुन्या आयपर्फ२शी त्याचं जमत नाही.

१० सेकंद ओळी पडत राहतात, दर सेकंदाला एक. शेवटी दोन ओळींत गोषवारा येतो, एक सेंडरची, एक रिसिव्हरची. रिसिव्हरची धरा. धडधाकट गिगाबिटवर तिथे ९४० मेगाबिटच्या आसपास दिसतं. १००० दिसणार नाही, कारण साधारण १४४८ बाइट डेटा पोचवायला तारेवरून १५३८ बाइट जावे लागतात. ९४० आलं तर नेटवर्क सुटलं, डिस्ककडे वळा.

९४ आलं तर मात्र चोर सापडला. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच. एखादी तार तुटली किंवा क्रिम्पिंग (केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवणं) कच्चं राहिलं की बहुतेक नेटवर्क कार्डं मुकाट्याने १००वर उतरतात. दिवे लुकलुकत राहतात, इंटरनेटही चालतं, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. लिनक्सवर इथटूल या आज्ञेला कार्डाचं नाव दिलं की ‘स्पीड’च्या ओळीत खरं काय ते कळतं, विंडोजमध्ये अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये. हे दोन्ही मशीनवर बघा, म्हणजे कोणत्या बाजूची केबल बदलायची ते कळेल. लॅपटॉपला यूएसबीचा लॅन डोंगल असेल तर आधी तोच तपासा. स्वस्तातले बरेचसे मुळातच १००चे असतात, त्यांना केबल बदलून काही होत नाही.

एकाच दिशेने मोजून थांबू नका. त्याच आज्ञेला -आर जोडा (कॅपिटल आर), की डेटा उलटा वाहतो. जाताना ९४० आणि येताना ३०० असले प्रकार होतात. डेटा पाठवणारं मशीन लिनक्स असेल तर ‘रेट्र’ असा एक रकाना दिसतो: पुन्हा पाठवावी लागलेली पाकिटं (डेटाचे तुकडे). घरातल्या तारेवर तिथे सुरुवातीला थोडी दिसली तर चालतं. पण प्रत्येक सेकंदाला शेकड्याने पडत असतील आणि वेगही कमी असेल, तर केबल किंवा ती जिथे खोचलीय ती खोबण संशयित धरा.

-यू देऊन यूडीपीची (हरवलेली पाकिटं पुन्हा न पाठवणाऱ्या पद्धतीची) चाचणी करताना एक खाचखळगा आहे. वेग सांगितला नाही तर आयपर्फ३ जेमतेम १ मेगाबिटनेच पाठवतं, आणि लोक लगेच राउटरला शिव्या घालतात. -बी ९००एम असा वेग द्या, मग किती पाकिटं हरवली ते बघण्यात अर्थ आहे.

वायफायचं गणित वेगळं. तिथे ९४०ची आशा धरू नका, आणि १० सेकंदांवर विश्वासही ठेवू नका. -टी ६० देऊन मिनिटभर चालवा.

चाचणी संपली की डेस्कटॉपवर कंट्रोल-सी दाबून सर्व्हर बंद करा आणि फायरवॉलचा पोर्टही मिटा. असा चालवलेल्या सर्व्हरला पासवर्ड वगैरे काही नसतो. चालू राहिला तर नेटवर्कवरचा कोणीही तुमची लाइन तुंबवू शकतो.